५३८ गोल बाहेर, ३९५ गोल आत: पॉवर फॉरवर्डचं मोठेपण मोजायचं कसं?

प्रश्न असा आला आहे: "मॅथ्यू कचकने फ्लोरिडाकडून २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन स्टॅनली कप जिंकले, म्हणून मी त्याच्या वडिलांचे, कीथ कचकचे आकडे बघायला गेलो. ५३८ गोल! तरी माणूस हॉकी हॉल ऑफ फेममध्ये नाही. आणि कॅम नीली ३९५ गोल करून आत बसलाय. दोघेही पॉवर फॉरवर्ड. हा सरळसरळ अन्याय नाही का? नसेल तर मोठा पॉवर फॉरवर्ड ठरवायचा तरी कशावरून?"

हॉकी म्हणजे इथे आइस हॉकी, बर्फावर स्केट घालून खेळायची. पॉवर फॉरवर्ड म्हणजे धडकही देणारा आणि गोलही करणारा दांडगा आघाडीपटू, आणि स्टॅनली कप म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य लीगचा करंडक. आधी एक बारीकसारीक गोष्ट. त्या आडनावाच्या स्पेलिंगमधला 'टी' मुका आहे. उच्चार कचक, आणि च चंद्रातला, चमच्यातला नव्हे. मी पहिली दोन वर्षं 'टकाचुक' म्हणायचो आणि रिंकवरची पोरं हसायची, म्हणून सांगतोय.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोन प्रश्नांची एकच मोट बांधली आहे. हॉल ऑफ फेममध्ये कोण जातं हा एक प्रश्न, आणि खेळाडू किती मोठा होता हा दुसरा. पहिल्याचं उत्तर अठरा जणांच्या समितीच्या हातात असतं. त्यातल्या चौदा जणांनी होकार द्यावा लागतो, आणि एका वर्षी जास्तीत जास्त चार पुरुष खेळाडू घेतात. मतदान गुप्त. त्यामुळे एखादा का राहिला हे बाहेरून कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि त्या वर्षी रांगेत दुसरं कोण उभं होतं यावरही बरंच ठरतं. कचक २०१० मध्ये निवृत्त झाला, म्हणजे त्याचं नाव पहिल्यांदा विचारात येऊ शकलं ते २०१३ मध्ये. त्याच वर्षी ब्रेंडन शॅनाहन आत गेला. तोही पॉवर फॉरवर्डच, पण ६५६ गोल आणि तीन स्टॅनली कप खिशात. शेजारी असा माणूस उभा असला की कोणीही बुटका दिसतो. नीलीलाही दार लगेच उघडलं नव्हतं हे लक्षात घ्या. तो १९९६ मध्ये थांबला आणि आत गेला २००५ मध्ये.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी थोडं बोलू शकतो. मी मूळचा सांगलीचा, गेली पंचवीसेक वर्षं टोरोंटोजवळच्या एका उपनगरात. मुलाला स्केटिंगला घेऊन जायचो, तिथे कठड्याला धरून स्वतःही शिकलो, आणि पुढे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या संघांना शिकवायला लागलो. अलीकडे एका ज्युनियर संघासाठी सामन्यांचा व्हिडिओ कापून देतो. म्हणजे कोण गोल करतो यापेक्षा गोल होण्याआधीच्या दहा सेकंदांत कोण कुठे होतं, हे बघणं हेच माझं काम. कचक आणि कॅलगरीचा पॉवर फॉरवर्ड इगिन्ला हे मी प्रत्यक्ष बघितले. नीली फक्त टेपवर. हा पक्षपात माझ्या उत्तरात शिरू शकतो, तो गृहीत धरा.

पॉवर फॉरवर्ड म्हणजे नुसता धिप्पाड फॉरवर्ड नव्हे. धिप्पाड पोरं पुष्कळ असतात. मीच एका निवड चाचणीत सहा फुटी दांडगट पोरगा घेतला आणि एक काटकुळा पोरगा सोडला. पुढच्या हंगामात त्या काटकुळ्याने आमच्याच नेटसमोर ठाण मांडून दोन गोल ठोकले, आणि माझा दांडगट तेव्हा नियम मोडल्याची शिक्षा म्हणून पेनल्टी बॉक्समध्ये बसून ते बघत होता. ताकद असणं निराळं आणि ती ताकद योग्य जागी नेऊन उभी करणं निराळं.

ती योग्य जागा कुठली, हे नीट डोळ्यांसमोर आणा. गोलकीपरच्या निळ्या अर्धवर्तुळाच्या पुढे हात-दोन हातांवर एक फॉरवर्ड उभा आहे, पाठ गोलकीपरकडे. मागून डिफेन्समन स्टिकच्या दांड्याने त्याच्या कमरेत ढकलतोय. नव्वदच्या दशकात तर हे ढकलणं जवळजवळ कायदेशीरच होतं, पंच फारसे बघत नसत. समोरून ब्लू लाइनवरून, म्हणजे हल्ल्याचा पट्टा सुरू होतो त्या रेषेवरून, पक (रबराची चकती) येतोय, ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरने. या माणसाने एकाच वेळी तीन कामं करायची: गोलकीपरला पक दिसू द्यायचा नाही, स्टिकचं पातं बर्फावर मोकळं ठेवून पकची दिशा इंचभर बदलायची, आणि नाही जमलं तर गोलकीपरच्या पॅडवरून उडालेला पक सगळ्यांच्या आधी उचलायचा. ढकलणाऱ्याकडे वळून बघितलं की संपलं. माझ्या पोरांना मी इथेच सगळ्यात जास्त ओरडतो: गुडघे वाक, मागे बघू नको! कीथ कचक हे काम ज्या पद्धतीने करायचा ते मी अजूनही पोरांना दाखवतो. पार्श्वभाग मागे टेकवून डिफेन्समनलाच तो आधारासारखा वापरायचा. ढकलणारा जितका जोर लावेल तितका याचा पाय घट्ट. ज्यांनी कबड्डीत मुरलेला कोपरारक्षक बघितला आहे त्यांना हे पटकन कळेल.

नीलीचं बलस्थान थोडं वेगळं. तो उजव्या बाजूने वेगात यायचा आणि त्याचा फटका लवकर सुटायचा. टेपवर मी एकच गोष्ट मोजतो. नीली पक घेऊन ब्लू लाइन ओलांडतो तेव्हा समोरचा डिफेन्समन किती मागे सरकतो? साध्या फॉरवर्डसमोर तो जागा धरून उभा राहतो. नीलीसमोर चांगले चांगले डिफेन्समन दोन-तीन स्केट जास्तच मागे जायचे, कारण जवळ गेलं तर धडक आणि लांब राहिलं तर फटका. ते मागे सरकले की मधे जी मोकळी जागा तयार होते तिथे त्याचा सेंटर (मधला फॉरवर्ड) किंवा मागून येणारा बोस्टनचा डिफेन्समन रे बोर्क आरामात पक घ्यायचा. ही जागा कुठल्याच तक्त्यात येत नाही. पॉवर फॉरवर्डच्या मोठेपणाची माझी पहिली कसोटी हीच: तो बर्फावर असताना बाकीच्या नऊ खेळाडूंचं वागणं बदलतं का?

आता आकड्यांकडे येऊ, कारण तुमचा प्रश्न तिथूनच निघाला आहे. ५३८ आणि ३९५ हे आकडे सरळ समोरासमोर ठेवता येत नाहीत. कचक १,२०१ सामने खेळला, नीली ७२६. सामन्यामागे गोल काढले तर कचकचा दर साधारण ०.४५ येतो आणि नीलीचा ०.५४. इथवर बहुतेक जण येतात आणि "बघा, नीलीच मोठा" म्हणून उठून जातात. थांबा. नीली खेळायला लागला १९८३ मध्ये, तेव्हा एनएचएलमध्ये प्रत्येक संघ एका सामन्यात सरासरी चारच्या आसपास गोल करत होता. कचकच्या भर उमेदीत, १९९७-९८ मध्ये, हीच सरासरी २.६४ पर्यंत घसरली. गोलकीपरांचे पॅड फुगले, संघ मधल्या पट्ट्यात सापळे लावून बसायला लागले, धरपकड वाढली आणि पंच शिट्ट्या वाजवेनात. गोल महाग झाले. नीलीच्या काळातला रुपया आणि कचकच्या काळातला रुपया एक नव्हे.

महागाईचा हिशोब करून बघू. १९९६-९७ मध्ये कचकने ५२ गोल करून सगळ्या लीगमध्ये पहिला नंबर पटकावला. असं करणारा तो अमेरिकेत जन्मलेला पहिलाच खेळाडू. त्या वर्षी संघाची सरासरी होती २.९२. नीलीने १९८९-९० मध्ये ५५ केले, तेव्हा सरासरी ३.६८. त्रैराशिक मांडलं तर कचकचे ५२ हे नीलीच्या त्या वर्षीच्या भावाने ६५च्या आसपास जातात. संपूर्ण कारकिर्दीला असाच ढोबळ हिशोब लावला तर नियमित हंगामात दोघांचा दर जवळजवळ सारखा येतो, किंबहुना कचक केसभर पुढे. आणि हा दर त्याने अठरा हंगाम टिकवला. म्हणजे तुमची शंका पोकळ नाही, इतकं तर मान्यच करायला हवं.

मग माझ्यासारखे लोक नीलीचं नाव का आधी घेतात? उत्तर एप्रिल-मे महिन्यात आहे.

प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, नीली ९३ सामने खेळला आणि कचक ८९. जवळजवळ सारखेच, त्यामुळे इथे तुलना सोपी आहे. नीलीचे गोल ५७, कचकचे २८. बरोबर निम्मे म्हणा ना. महागाईने हा फरक थोडा कमी होईल, पण निम्मा होण्याइतकी महागाई झाली नव्हती. शिवाय प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशी करून बघा. नियमित हंगामातून प्लेऑफमध्ये गेल्यावर नीलीचा दर ०.५४ वरून ०.६१ वर चढतो, कचकचा ०.४५ वरून ०.३१ वर उतरतो. प्लेऑफमध्ये एकाच संघाशी लागोपाठ सात-सात सामने असतात. तेच दोन डिफेन्समन रोज रात्री तुमच्या मानगुटीवर, पंच अजून ढिले, जागा अजून अरुंद. पॉवर फॉरवर्ड नावाचा प्राणी मुळात अशाच हवामानासाठी असतो. फिरकीपटूला आपण पाचव्या दिवशीच्या खेळपट्टीवर तोलतो की नाही? तसंच हे.

इथे परिस्थितीचा वाटा किती, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. कचकच्या विनिपेग आणि मग फीनिक्सच्या संघाने तो असताना एकदाही पहिली फेरी ओलांडली नाही. सेंट लुईसला गेल्यावर २००१ मध्ये एकदाच तो उपांत्य फेरीपर्यंत पोचला. दुबळ्या संघातला मुख्य गोल करणारा म्हणजे समोरच्या प्रशिक्षकाचं सगळं लक्ष त्याच्यावरच. नीलीच्या मागे बोस्टनमध्ये बोर्क होता, पुढे अ‍ॅडम ओट्ससारखा पास देणारा आला. ओट्सने १९९३-९४ मध्ये एकट्याने ८० असिस्ट (गोलाआधीचे पास) दिले. असा सोबती मिळाला की हात धुवून गोल करता येतात. नीलीचा संघ १९८८ आणि १९९०, दोन्ही वेळा अंतिम फेरीत एडमंटनकडून हरला, म्हणजे कप नीलीकडेही नाही. मी कपाला त्यामुळे फार वजन देत नाही. वीस खेळाडूंच्या संघात एक विंगर कप आणतो असं म्हणणं म्हणजे ढोलपथकातल्या एकाच ढोलाला मिरवणुकीचं श्रेय देणं. पण संघ हरत असताना तुमच्या स्वतःच्या खेळाचं काय झालं, हे मी बघतो. आणि तिथे ८९ सामन्यांत २८ हा आकडा कचकला नडतो. निम्मा दोष संघाचा धरला तरी उरलेला निम्मा राहतोच.

नीलीच्या बाजूने दुसरी गोष्ट म्हणजे त्याचं शिखर, आणि ते ज्या पायावर उभं होतं तो पाय. १९९१ च्या प्लेऑफमध्ये पिट्सबर्गच्या उल्फ सॅम्युएलसनशी झालेल्या धडकेत त्याच्या मांडीला असा मार बसला की पुढे त्या स्नायूतच हाड धरू लागलं. पुढच्या दोन हंगामांत मिळून तो २२ सामने खेळला. माणूस संपला असं सगळ्यांनी धरलं होतं. १९९३-९४ मध्ये परत आला तो गुडघा सांभाळत, मधले सामने सोडत, आणि आपल्या ४४व्या सामन्यात त्याने पन्नासावा गोल केला. संघाच्या पहिल्या ५० सामन्यांत हे झालं नाही म्हणून अधिकृत '५० सामन्यांत ५०'च्या यादीत त्याचं नाव नाही. पण टेप बघा, लंगडत बेंचवर जाणारा माणूस पुढच्या शिफ्टला, म्हणजे बर्फावरच्या पुढच्या पाळीला, पुन्हा डिफेन्समनला मागे ढकलतोय. दोन वर्षांनी, ३१व्या वर्षी, कंबरेच्या सांध्याने त्याला कायमचं बसवलं.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे: दुखापतीची सहानुभूती म्हणजे मोठेपण नव्हे. बरोबर. 'खेळला असता तर किती केले असते' हा हिशोब मी कुणासाठीच करत नाही. विनोद कांबळीची कसोटी सरासरी ५४.२० आहे, पण सामने सतराच. त्या सरासरीवर आपण हळहळतो, पण तिला गावसकरच्या शेजारी बसवत नाही. प्रश्न एवढाच की शिखर किती रुंद होतं. नीलीची बाब सतरा सामन्यांची नाही. व्हँकुव्हरने त्याला बोस्टनला देऊन टाकला तो १९८६ मध्ये, त्याच्या २१व्या वाढदिवशी. व्हँकुव्हरच्या २०१ सामन्यांत त्याचे ५१ गोल होते. बोस्टनच्या ५२५ सामन्यांत ३४४. म्हणजे तब्बल दहा हंगाम, दुखापती धरूनसुद्धा, तो सामन्यामागे ०.६६ने गोल करत होता. याला मी रुंद शिखर म्हणतो.

पेनल्टीच्या मिनिटांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पॉवर फॉरवर्डची चर्चा निघाली की कोणीतरी हटकून ती काढतंच. कचकची २,२१९ मिनिटं, नीलीची १,२४१, शॅनाहनची २,४८९. काही चाहते ही मिनिटं पदकासारखी मिरवतात. मी ती आधी सोलून बघतो. मारामारीत भांडणारे दोघंही पाच-पाच मिनिटं बसतात, त्यामुळे संघाचं नुकसान जवळजवळ होत नाही. पण आपण हल्ला करत असताना, समोरच्या गोलपासून वीस फुटांवर, चिडून स्टिक अडकवली की दोन मिनिटं संघ चार जणांवर. ही मिनिटं पराक्रमाची नसून उधळपट्टीची. गोल, असिस्ट आणि मारामारी एकाच सामन्यात झाली की त्याला इकडे 'गॉर्डी हाऊ हॅटट्रिक' म्हणतात. गंमत म्हणजे खुद्द हाऊच्या नावावर नियमित हंगामात असे दोनच सामने सांगतात. कारण पहिल्या काही वर्षांनंतर त्याच्या अंगावर जायची कोणाची टाप नव्हती. ८०१ गोल करायला त्याला मोकळी जागा मिळाली ती या धाकामुळे. धाक खरा असला की तो वापरावा लागत नाही.

एवढं सगळं घोळवून माझा कौल विचाराल, तर नीली आत आहे हे योग्यच. कचकला मी स्वतः मत दिलं असतं, थोडं अडखळत. गोल आटलेल्या काळात लीगमधले सर्वाधिक गोल, पन्नास किंवा अधिक गोलांचे दोन हंगाम, आणि नेटसमोरची ती उभं राहण्याची कला, एवढं माझ्यासाठी पुरतं. पण समितीतल्या पाच जणांना ते पुरेसं वाटत नसेल तर मी त्याला अन्याय म्हणणार नाही. पाच जण पुरतात नकाराला. अन्यायच शोधायचा तर जॉन लेक्लेअरचं नाव घ्या. लागोपाठ तीन हंगाम पन्नास किंवा अधिक गोल करणारा तो पहिला अमेरिकन. एकूण ४०६, तेही सामने हजाराच्या आत, आणि त्याच्याबद्दल चार लोकही भांडत नाहीत. मॅथ्यूला या तुलनेत आणू नका. तो अजून खेळतोय. चालू सामन्याचा धावफलक छापायचा नसतो.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ठरवायचं कशावरून. तक्त्यावरून अर्धं ठरतं. उरलेलं अर्धं बघण्यासाठी मी पोरांना एक जुनी चित्रफीत दाखवतो, तुम्हीही शोधून बघा. ३ जून २००४, टॅम्पा, स्टॅनली कप अंतिम फेरीचा पाचवा सामना, २-२ बरोबरी, जादा वेळ. कॅलगरीचा कप्तान जेरोम इगिन्ला बर्फावर आहे. साधी शिफ्ट पाऊण मिनिटाची असते. तेवढ्यात पाय भरून येतात आणि खेळाडू बेंचकडे पळतो. इगिन्ला जात नाही. नेहमीच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त वेळ तो आतच राहतो. मधेच हेल्मेट उडतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्याशिवाय खेळता यायचं, तो तसाच खेळत राहतो, केस घामाने कपाळाला चिकटलेले. आवाज बंद करा आणि पकऐवजी फक्त त्याच्याकडे बघा. टॅम्पाचे खेळाडू त्याच्याभोवती कसे गोळा होतात आणि बाकीच्यांना कसे सोडतात ते दिसेल. शेवटी त्याचा सणसणीत फटका येतो, टॅम्पाचा गोलकीपर खबिबुलिन तो कसाबसा अडवतो, पक समोर सांडतो, आणि लाल दिवा लागतो.

मी फीत तिथे थांबवतो आणि पोरांना विचारतो, गोल कोणाचा? दरवर्षी सगळी एका सुरात ओरडतात, "इगिन्ला!" वहीत मात्र त्याच्याच संघातल्या ओलेग सॅप्रिकिनचं नाव आहे. सांडलेला पक त्याने आत सारला होता. ते सांगितलं की मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारतं, "तो कुठे होता?" मग मी फीत दहा सेकंद मागे नेतो आणि परत लावतो.